पंच्याऐंशी फ्रेम

"तुझा कॅमेरा तापत नाही का गं?" आपानं विचारलं, आणि डोक्यावरचा ओला रुमाल काढून सरळ कॅमेऱ्यावर टाकला.

"आपा, पाणी जाईल आत!"

"मग छत्री धर. माझ्यावर नको, त्याच्यावर धर. मी बेशुद्ध पडले तर पाणी मारून उठवाल. त्याला कोण उठवणार?"

मी रुमाल उचलून तिच्या हातात दिला. साडेनऊ वाजून गेले होते. चाचणी सातची होती. धावपट्टीच्या कडेला आम्ही दोघी लोखंडी पेटीवर बसलो होतो, समोर तिकाटण्यावर माझा कॅमेरा, आणि हेलिकॉप्टरचा पत्ता नव्हता. चहाचा थर्मास आठलाच संपला होता.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. सोलापूरच्या पुढं दीड तासावर एका माळावर जुनी धावपट्टी होती, तिथं आमच्या संस्थेचं चाचणी केंद्र होतं. आम्ही त्या जागेला नुसतं 'पट्टी' म्हणायचो. मी तेवीस वर्षांची होते. लातूरला भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं, मग पुण्यात वर्षभर व्हिडिओग्राफी शिकले होते. संस्थेला दोन्ही येणारं माणूस हवं होतं आणि असं माणूस त्यांना मीच सापडले. नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरले होते.

आपा म्हणजे शमीम पटवेगार. पॅराशूट घडी घालून बांधायचं काम तिचं. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोटं लांब आणि कोरडी. अख्खी पट्टी तिला आपा म्हणायची, अगदी प्रकल्पप्रमुखसुद्धा. बांधणी झाली की पॅराशूटच्या कापडी खिशात एक कार्ड जायचं. त्यावर बांधणाऱ्याचं नाव, सही आणि तारीख. आणि ज्यानं बांधलं त्यानं चाचणीच्या वेळी मैदानात उभं राहायचं, ही तिथली पद्धत होती. नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. आपा गेली एकोणीस वर्षं उभी राहत होती.

चाचणी तशी सोपी होती. उंचावरून परत येणारी उपकरणं ज्यात सुखरूप उतरावीत असा एक धातूचा मोठा डबा आम्ही बनवत होतो. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत उभं राहायचं आणि खालून डबा सोडायचं. हेलिकॉप्टरला बांधलेली दोरी ताणली गेली की डब्याचं झाकण निघायचं, पॅराशूट बाहेर यायचं आणि फुगायचं. झाकण निघाल्यापासून पूर्ण फुगेपर्यंत पाऊण सेकंदापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. म्हणून मी.

माझा कॅमेरा सेकंदाला अडीचशे किंवा पाचशे फ्रेम घ्यायचा. बाजूला एक बटण होतं, फिरवायचं. उजेड कमी असला की अडीचशे, भरपूर असला की पाचशे. त्याच्या पोटात काही सेकंदांचंच चित्रण मावायचं, त्यामुळं चाचणी झाली की ते लगेच टेपवर उतरवावं लागे. टेपवर नुसत्या फ्रेम यायच्या, एकामागून एक. त्या किती वेगानं घेतल्या, ते टेपला माहीत नसायचं. ते नोंदपत्रकात लिहिलेलं असायचं, माझ्या अक्षरात, खाली माझ्या विभागप्रमुखांची, डेगवेकर सरांची, सही.

हे पत्रक आम्ही आदल्या दिवशी दुपारीच भरून ठेवायचो. पहिल्याच आठवड्यात डेगवेकर सरांनी मला तसं शिकवलं होतं. "चाचणीच्या सकाळी तुला नाक पुसायला वेळ मिळणार नाही, खरोसे. आदल्या दिवशी भर, माझी सही घे, मोकळी हो."

दहाला पाच कमी असताना हेलिकॉप्टरचा आवाज आला. आपा उठली, रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर सगळं पांढरंफटक. सातच्या उजेडासाठी मी अडीचशेचा बेत केला होता. आता डोळे दिपवणारं ऊन होतं. मी बटण पाचशेवर फिरवलं आणि डबा सुटायची वाट पाहू लागले.

डबा सुटला. मी कॅमेरा त्याच्याबरोबर खाली आणत गेले. पॅराशूट फुगलेलं दिसलं, नारिंगी, गोल. क्षणभर वाटलं, झालं. मग त्याच्या एका पट्ट्यातून उभी चीर गेली. डबा सुसाट खाली आला आणि धप्प असा आवाज आला, पोत्यासारखा. आवाज आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच धूळ उडालेली होती.

आपा धुळीच्या दिशेनं चार पावलं गेली. मग म्हणाली, "माझी घडी नीट होती. कापड गेलं."

डब्यातलं नोंदयंत्र चेपून चपटं झालं होतं. आता जे काही कळणार होतं ते माझ्या टेपवरूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. प्रकल्पप्रमुख आठल्ये सर टेपसमोर बसले होते. आदल्या दिवसाचाच शर्ट अंगात होता. प्रकल्प दोन वर्षं मागं पडलेला होता आणि ते माणूस म्हणून वाईट नव्हते, नुसते दमलेले होते. त्यांनी झाकण निघाल्यापासूनच्या फ्रेम मोजायला लावल्या. तीनशे दहा भरल्या. त्यांनी पत्रक उघडलं, अडीचशे पाहिलं आणि भागाकार केला.

"एक पूर्णांक चोवीस," ते म्हणाले. "मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. उशिरा उघडलं, तोवर डब्यानं वेग घेतला, झटका जबरदस्त बसला. कापड फाटणारच."

आपा दाराशी उभी होती. खुर्ची दिली तरी बैठकीत ती कधी बसायची नाही.

"उशिरा कशानं उघडेल, सर?"

"घडीत अडकलं असेल. तुम्हीच सांगा."

"मी बांधलेलं अडकत नाही."

"आपा, मी तुम्हाला दोष देत नाहीये. आकडा सांगतोय."

"आकड्याखाली नाव माझंच आहे की."

आठल्ये सरांनी डोळे चोळले. तिचा बांधणीचा परवाना शुक्रवारपर्यंत थांबवला, असं त्यांनी सांगितलं. शुक्रवारी समिती बसेल आणि तो रद्द करायचा की नाही ते ठरेल. परवाना गेला म्हणजे पॅराशूटला हात लावता येणार नाही. आपानं मान हलवली आणि ती निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात शेवटपर्यंत ऐकू आला.

सर भागाकार करत होते तेव्हाच मला आठवलं होतं. डोक्याला नाही, आधी बोटांना. बटण फिरवतानाची ती बारीक 'कट्' आठवली. मी तोंड उघडलं नाही. खोलीत सात माणसं होती, पत्रक माझ्या अक्षरातलं होतं, आणि दोन महिने उरले होते.

बैठक संपल्यावर मी डेगवेकर सरांना गाठलं. ते कॅन्टीनच्या पायरीवर पाय पसरून बसले होते. त्यांचे गुडघे दुखायचे.

"सर, वेग पाचशे होता. मी मैदानात बदलला."

त्यांनी कप खाली ठेवला. "कधी?"

"हेलिकॉप्टर दिसल्यावर. ऊन वाढलं होतं."

"आणि पत्रक?"

"पिशवीतच राहिलं."

त्यांनी दुखरे पाय जवळ ओढले. मग म्हणाले, "तुला खात्री आहे?"

"आठवतंय मला."

"आठवतंय." तो शब्द त्यांनी चव घेतल्यासारखा म्हटला. "शुक्रवारी समितीत सांगशील की आठवतंय. ते विचारतील, पत्रकावर सही कुणाची? माझी. मग ही पोरगी आपाच्या ताटात रोज जेवते, तिला वाचवायला बोलतेय, असं कुणीतरी म्हणेल. मी असतो तर मीही म्हणालो असतो."

"मग गप्प बसू?"

"असं म्हणालो का मी?" ते वैतागले. "तू फिजिक्सवाली ना? आठवण नको आणू. मोजता येईल असं काहीतरी आण."

मी टेपच्या खोलीत जाऊन बसले. ती खोली म्हणजे पत्र्याची शेड होती, एकच पंखा, आणि तोही आवाजच जास्त करणारा. टेप पुढं नेली, मागं आणली. डबा, दोरी, झाकण, नारिंगी कापड. मी कॅमेरा हातानं डब्यामागं फिरवला होता, म्हणून डबा किती खाली पडला हे मोजून वेळ काढणंही अवघड होतं. मला हवं होतं असं काहीतरी, जे त्या चित्रात असेल आणि स्वतःच्या ठरलेल्या वेगानं चालत असेल, माझ्या पत्रकाला न विचारता.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर ते दिसलं. सगळा वेळ डोळ्यांसमोरच होतं. चित्राच्या वरच्या कडेला हेलिकॉप्टरचा पंखा फिरत होता. तीन पाती, आणि त्यातल्या एकाच्या टोकाला पांढरा पट्टा. पांढरा पट्टा पुन्हा त्याच जागी यायला किती फ्रेम लागतात ते मी मोजलं. पंच्याऐंशी. पुढची फेरी मोजली. पंच्याऐंशी. त्यापुढची, पुन्हा पंच्याऐंशी.

मी हेलिकॉप्टरच्या इंजिनिअरला, लोबोला, फोन लावला.

"वरचा पंखा मिनिटाला किती फेऱ्या मारतो?"

"तीनशे त्रेपन्न. का, विकत घेताय?"

"कमी-जास्त किती होतो?"

"एखादा टक्का. फार तर दोन."

"निम्म्यावर आला तर?"

तो हसला. "निम्म्यावर आला तर हा फोन उचलायला मी नसेन, मॅडम."

सेकंदाला जवळजवळ सहा फेऱ्या. पाचशे फ्रेम असतील तर एका फेरीला पंच्याऐंशी. अडीचशे असतील तर साडेबेचाळीस. मी तो भागाकार तीनदा केला. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. आमचं पत्रक खरं मानलं, तर ते हेलिकॉप्टर त्या सकाळी हवेत तरंगूच शकलं नसतं.

शुक्रवारी समितीत मी हे असंच सांगितलं. आठल्ये सर उठले, टेपसमोर बसले आणि स्वतः मोजायला लागले. एक फेरी, दुसरी फेरी. खोलीत फक्त बटणाचा आवाज होता.

"म्हणजे शून्य पूर्णांक बासष्ट," ते शेवटी म्हणाले. "वेळेत उघडलं." मग माझ्याकडं वळले. "पत्रक कुणी भरलं?"

"मी, सर. आदल्या दिवशी."

"आदल्या दिवशी?"

"माझ्या सांगण्यावरून," डेगवेकर सर मागून म्हणाले. "ती फक्त ऐकते. त्याबद्दल ताकीदपत्र काढायचं तर माझ्या नावानं काढा."

कापड तपासायला गेलं. त्या वेळचं ठाण नवं होतं आणि त्याची ताकद मर्यादेच्या खूप खाली निघाली. आपाला परवाना त्याच दुपारी परत मिळाला. ती शेडच्या दारात आली, कंबरेवर हात ठेवून.

"हेलिकॉप्टरनं साक्ष दिली म्हणे माझ्या बाजूनं."

"हो, आपा."

"चांगलं खानदान आहे त्याचं." आणि तिनं माझ्या गालावर बोटं टेकवली. त्या कोरड्या बोटांचा स्पर्श मला अजून आठवतो, कारण पुढच्या महिन्यात मी त्या बोटांकडं बघू शकले नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सगळ्यांना सांगत सुटले असते. पण निघता निघता आठल्ये सर म्हणाले होते, "खरोसे, पत्रकं आदल्या दिवशी भरायची पद्धत असेल, तर आधीच्या अकरा चाचण्यांचं काय? त्यांचीही पाती मोजा. सगळ्यांची."

मी मोजायला लागले. दिवसभर नेहमीची कामं, आणि दुपारी तीन ते सहा पाती. पांढरा पट्टा कडेला आला की शून्य, मग एक, दोन, तीन. मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. डोळे मिटले तरी पाती फिरायची. जेवताना मी घास मोजायला लागले होते. पहिली चाचणी बरोबर निघाली. दुसरी बरोबर. तिसरीत पत्रकावर अडीचशे होते, पात्यांतही अडीचशे. चौथी, पाचवी, सहावी बरोबर. मला वाटायला लागलं, चूक एकदाच झाली.

सातव्या चाचणीच्या पत्रकावर पाचशे लिहिलं होतं. पांढरा पट्टा बेचाळिसाव्या फ्रेमला परत आला. मग त्रेचाळिसाव्या. मग बेचाळिसाव्या.

मी टेप थांबवली. चित्रात मागचं आभाळ मळकट होतं. त्या दिवशी ढग आले असावेत आणि मी बटण खाली फिरवलं असावं. ती सकाळ मला आठवत नाही, आजही नाही. आठवायला त्या दिवशी काही वाईट घडलंच नव्हतं. डबा अलगद उतरला होता. अहवालात सातव्या चाचणीपुढं 'शून्य पूर्णांक साठ, उत्कृष्ट' असं लिहिलं होतं. मी फ्रेम मोजल्या. दोनशे अठ्ठ्याण्णव. त्याला अडीचशेनं भागलं.

एक पूर्णांक एकोणीस.

त्या वेळी कापड जुन्या, चांगल्या ठाणातलं होतं म्हणून झटका सोसला. पण पॅराशूट उशिरा उघडलं होतं. खरोखरच उशिरा. आणि खिशातल्या कार्डावर सही शमीम पटवेगार अशी होती.

उरलेल्या चार मी दोन दिवसांत मोजल्या. त्या ठीक होत्या. तक्ता तयार होता, एक चौकोन सोडून. आठल्ये सर रोज विचारत नव्हते. त्यांना कापडाचं पडलं होतं, नवं ठाण, नवी तपासणी. मी त्या चौकोनात 'साठ' लिहिलं असतं तर पुन्हा कुणी पाती मोजायला बसलं नसतं. माझ्याशिवाय जगात कुणाकडंच तेवढा वेळ नव्हता. तीन दिवस मी तो कागद घेऊन फिरले. आपाबरोबर जेवले नाही, पोट बिघडलंय म्हणाले. तिनं दुसऱ्या दिवशी ताकभात पाठवला.

चौथ्या दिवशी मी बांधणीच्या शेडमध्ये गेले. लांबलचक टेबलावर नारिंगी कापड पसरलं होतं. आपा घडीवर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवत पुढं सरकत होती.

"पोट बरं झालं?"

"आपा, सातवी चाचणी आठवते?"

"कुठली? एवढ्या झाल्या."

"मागच्या पावसाळ्याच्या शेवटची. चारदा पुढं ढकलली होती ती."

तिचा हात पिशवीवर थांबला. मग तिनं पिशवी ठेवली, सरळ केली. "काय झालं तिचं?"

"पॅराशूट एक पूर्णांक एकोणीसला उघडलं."

"अहवालात साठ आहे."

"पत्रक चुकलंय. माझं."

आपानं हात पुसले, चष्मा उचलला आणि म्हणाली, "दाखव."

टेपच्या शेडमध्ये ती पहिल्यांदाच येत होती. मी तिला पांढरा पट्टा दाखवला. बटण तिच्या हातात दिलं. ती ओठांनी मोजत गेली, बोटानं एक एक फ्रेम पुढं नेत. बेचाळीस. "पुन्हा," ती म्हणाली, मला नाही, स्वतःलाच. त्रेचाळीस. मग परवाच्या टेपवरची फेरी मागितली. ती मोजली. पंच्याऐंशी. खुर्चीत मागं टेकली.

पंखा खडखडत होता.

"चारदा ढकलली," ती म्हणाली. "कधी हेलिकॉप्टर नाही, कधी वारा. बांधून सात दिवस झाले की उघडून पुन्हा बांधायचं, हा नियम. एक बांधणी म्हणजे माझा अख्खा दिवस. तीनदा उघडलं, तीनदा बांधलं. चौथ्यांदा मी टेबलापाशी उभी राहिले आणि माझे हात वर उचलेनात, जयू. खरं सांगते. मी नुसतं कार्ड बदललं. नवी तारीख टाकली."

"किती दिवसांची बांधणी होती?"

"एकोणीस. घड्या बसून गेल्या असणार, चिकटल्यासारख्या." तिनं चष्मा काढला. "उतरला ना डबा नीट. मला वाटलं, चालतंय."

मी म्हणाले, "आपा, हे अजून कुणाला माहीत नाही."

ती चष्मा पदरानं पुसू लागली.

"मी त्या टेपवर पाती नीट दिसत नाहीत असं लिहू शकते. ढग आहेतच. कुणी विचारणार नाही."

"आणि परवाच्या टेपवर दिसतात?"

"हो."

"तीच पाती ना? एकच हेलिकॉप्टर?"

मी टेप मागं फिरवू लागले.

"तेव्हा माझ्या बाजूनं बोलली तर खरी, आणि आता विरुद्ध बोलतात तर ढग आले?" ती हसली नाही. "एवढा हलका करू नकोस माझा परवाना. लिही."

"परवाना जाईल, आपा."

"मला ऐकू येतं, मी बहिरी नाही. लिही म्हटलं ना. मी समोर बसलेय तोवर लिही. मी गेल्यावर तुझ्याच्यानं होणार नाही, आणि उद्या माझं मन पालटेल."

मी लिहिलं. तिनं आकडा वाचला, एकदा बोट फिरवून पाहिलं आणि शेडमध्ये परत गेली. अर्ध्यावर राहिलेली घडी तिनं त्या दुपारी पुरी केली. संध्याकाळी आठल्ये सरांकडं स्वतः जाऊन कार्डाचं सांगितलं. मी बरोबर येते म्हणाले तर म्हणाली, "तू कशाला? तुझं सांगून झालंय."

परवाना रद्द झाला, कायमचा. समितीत कुणी आवाज चढवला नाही. आठल्ये सरांनी तो कागद दोन दिवस टेबलावर तसाच ठेवला होता, असं नंतर कळलं. मला आणि डेगवेकर सरांना ताकीद देणारं एकेक पत्र मिळालं, आणि ठरल्या मुदतीत माझी नोकरी पक्की झाली. शेऱ्यात 'निरीक्षणशक्ती उत्तम' असं लिहिलं होतं. पत्रकं मैदानातच, चाचणी झाल्यावर भरायची असा नवा नियम निघाला. तोही आम्ही काही वर्षं नेमानं पाळला.

आपाला शिवणविभागात घातलं. उपकरणांची आच्छादनं आणि पिशव्या शिवायच्या. बांधणीसाठी दुसऱ्या केंद्रातून सुर्वे नावाचा एक माणूस आला, तिशीचा, घामट, घाबरलेला. तेराव्या चाचणीला तो मैदानात माझ्या शेजारी उभा राहिला, कारण कुणीतरी त्याला पद्धत सांगितली होती. कुणी सांगितली ते मी विचारलं नाही. पॅराशूट उघडलं, डबा उतरला. मी तिथंच, उन्हात, पत्रक भरलं.

दुपारी टेप मोजून झाल्यावर मी शिवणविभागात गेले. आपा मशीनवर वाकलेली होती. गेला महिनाभर आमचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढं गेलं नव्हतं.

"किती?" तिनं मान वर न करता विचारलं.

"शून्य पूर्णांक एकाहत्तर."

"पास. पण काठावर." तिनं दोरा दातानं तोडला. "फार आवळतो तो. नवीन माणूस भीतीनं आवळतोच. त्याला सांग, शेवटची घडी घालताना श्वास सोडायचा. धरून ठेवला की हात ओढले जातात. श्वास सोडून घातली की कापड आपोआप बसतं."

"सांगते."

"माझं नाव नको घेऊस. तुला सुचलं म्हणून सांग. मी सांगितलं म्हटलंस तर ऐकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधणीच्या शेडमध्ये जाऊन सुर्वेला श्वासाचं सांगितलं. त्यानं विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी नाव सांगितलं. तो टेबलाशी उभा राहिला, कापडावर दोन्ही हात ठेवले, आणि मग विचारलं, "त्या दुपारच्या कुठं बसतात?"